शेजाऱ्याची चूल

तिसगाव, ३० सप्टेंबर

संध्याकाळी पुतण्या संजय सांगत आला, "काकी, पुरात नदीकाठची गावंच्या गावं बुडाली. उद्या आपल्याकडं दुखवटा. कुणी चूल पेटवायची न्हाई." माझं डोकं तापलं ते अजून तापलेलंच आहे.

आज किल्लारीच्या भूकंपाचा दिवस. तेव्हा मी कुठं होते? चुलीपुढं, आणखी कुठं! रेडिओवर बातमी ऐकून मामंजींनी असंच फर्मान काढलं होतं. सुनेनं तोंड वर करायची सोय नव्हती, पण मी बोललेच. "मामंजी, मयत झालेल्या घरची चूल बंद असते. शेजाऱ्यानंही बंद ठेवली तर त्यांच्या तोंडात घास कोण घालणार?" ते उठून बाहेर गेले. थोड्या वेळानं सरपणाचा भारा आणून माझ्यापुढं टाकला. दुपारपर्यंत आळीतल्या साऱ्या चुली पेटल्या, भाकऱ्यांनी टेम्पो भरला.

पोचेपर्यंत त्या भाकऱ्या वाळून कडक झाल्या असतील का? एवढं एक अजून सलतं. म्हणून उद्या दशम्या. दुधात मळलं की टिकतात.

संजयला सांगितलं तर हसला. "काकी, तुझं आपलं कायम उलटंच!"

"व्हय, उलटंच. सकाळी टेम्पो दारात आण, न्हाईतर पाटी डोक्यावर घेऊन मी निघते."

हो म्हणाला नाही. न म्हणेना का. पीठ चाळून ठेवलंय, दूध सांगितलंय. घरात गॅस आहे, पण उद्या अंगणातली चूलच पेटवणार. धूर साऱ्या आळीला दिसू दे.