मांडीवरची गिटार

३ जुलै
बाबांच्या राउटरची, लाकडात खाच पाडायच्या यंत्राची, वायर आज मी ओढून काढली. ते काम करत असताना.

गिटार मांडीवर, डाव्या हाताने धरलेली. उजव्या हातात राउटर. काठाला पट्टी बसवायची खाच पाडत होते. फिरतं बिट, म्हणजे त्याचं पातं, डाव्या अंगठ्यापासून एवढंसं लांब! आमच्या पाराचो गावात गिटारी बनवणारे सगळे असंच करतात, लहानपणापासून बघते आहे. उरुआपान शहरातल्या सुतारकामाच्या शाळेत राउटर शिकून आले, आणि आता बघवत नाही.

बाबा ओरडले नाहीत. "शाळेत वायर ओढायला शिकवतात का?" एवढंच.

चालू यंत्राची वायर ओढणं हीसुद्धा चूकच. आधी बोलायला हवं होतं. पण ऐकलं असतं?

५ जुलै
भिंतीवरच्या खिळ्याला नियमांचा कागद लावला. बिट बदलताना वायर काढलेली. डोळ्यांवर चष्मा. सैल बाही नको. राउटर बिटच्या फिरण्याविरुद्धच न्यायचा, सोबत नेला तर उसळून पळतो. लाकूड घट्ट बांधलेलं, दोन्ही हात यंत्रावर.

माझ्या भावाने, अबुंदियोने, त्यावर टोपी अडकवली. "मास्तरीणबाई, वाचता तुम्हाला एकटीला येतं. आम्हाला फक्त खिळा दिसला."

खरं आहे. घरात वाचणारी मी एकटीच. मग मोठ्याने वाचलं – दोनदा.

८ जुलै
पाइनच्या फळ्यांचा साचा केला, आतून चामडं. गिटार त्यात घट्ट बसते, हात मोकळे राहतात.

बाबा म्हणाले, "पाळणा केलास. आता अंगाईपण म्हण."

"तुम्ही निजणार असाल तर म्हणते."

आई चुलीपाशी हसली. बाबा नाही हसले.

९ जुलै
बाबा म्हणाले, कापून दाखव. सगळी फेरी नियमाप्रमाणे नेली. गिटारच्या कमरेकडून खालच्या फुगवट्याकडे जाताना सीडरच्या लाकडाची कपची उडाली. वरच्या फळीवर करंगळीएवढी जखम.

"शाळेत सीडर उगवत नाही वाटतं," अबुंदियो.

बाबांनी कपची उचलून खिडकीत ठेवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

फळी गेली. बोटं शाबूत आहेत. पाळणा मी काढणार नाही.

१० जुलै
सकाळपासून टाकाऊ फळ्यांवर कापून बघत होते. कळलं! चूक पाळण्याची नाही, माझी. त्या वळणावर लाकडाच्या रेषा उघड्या पडतात, बिट त्यांत नखासारखं घुसतं. तिथे बिटच्या सोबतच जावं लागतं. बाबा तसेच जातात. पण सोबत गेलं की राउटर पळतो – म्हणून कागदाएवढं पातळ कापायचं, पुन्हा पुन्हा, दोन्ही हातांनी धरून. म्हणजे पाळणा सगळ्यात जास्त तिथेच हवा.

जेवताना सांगितलं. "दिशा तुमची बरोबर, बाबा. मांडी चूक."

ते मक्याच्या उकडलेल्या कोरुंद्याचं पान सोलत राहिले.

१२ जुलै
आज बाबांनी गिटार परत मांडीवर घेतली. मी काम संपेपर्यंत थांबले, मग राउटर उचलून माझ्या खोलीत आणला. कुलूप.

अबुंदियो दारावर थापा मारतोय. "ऑगस्टच्या जत्रेला गिटारी काय दातांनी कोरायच्या?"

"पाळण्यात कोरायच्या."

आई म्हणाली, बापाचं हत्यार कोंडतेस, लाज नाही वाटत? वाटते. भीतीही वाटते. पण गिटारला तारा चढल्या की पहिला सूर बाबा डाव्या हाताने दाबतात, डोळे मिटून. तो हात मला हवा आहे. राउटर देणार नाही.

१३ जुलै
घरात कुणी बोललं नाही माझ्याशी. चावी माझ्याकडेच.

१४ जुलै
बाबा एकटेच दारात आले. राउटर मागितला नाही. म्हणाले, "पाळण्यात यंत्र दोन्ही हातांनी तोलावं लागतं, पोरी. गिटार मांडीवर असली की मनगट अंगाशी दाबून धरता येतं. दाबलं की थांबतं."

काय थांबतं, मी विचारलं.

त्यांनी उजवा हात पुढे केला. रिकामा होता. तरी राउटर चालू असल्यासारखा थरथरत होता.