यादीतली चार नावं

१० मार्च

चार गेले. त्यात माझी मैत्रीण यशोधरा! रविवारी पालेगावला भाचीच्या नव्या फ्लॅटच्या गृहप्रवेशाला गेली होती. सोसायटीच्या आवारात जागेवरून भांडण, कुणीतरी गोळ्या झाडल्या. पाच जखमी. ही जिन्यात सापडली.

मीनलचा फोन. मी निवृत्त झाल्यापासून विधानसभेच्या शोकप्रस्तावांचं टेबल तिच्याकडे.

"मॅडम, सोमवारी प्रस्ताव आहे. 'चार नागरिक' असा मसुदा केलाय."

"आणि नावं?"

"नावं कशी घालू? टिपण तुमचंच आहे. एकाहून जास्त मृत असतील तर संख्या द्यावी, नावे देऊ नयेत. नव्या मुलींना आम्ही अजून तेच दाखवतो."

माझंच.

११ मार्च

उल्हासनगरचं कॉलेज, सत्त्याहत्तर साल. दोघींत मिळून एक शब्दकोश – सोम, बुध, शुक्र तिचा. तास बुडवून दाल-पकवान. गाडीवाले सिंधी काका विचारायचे, "बेटी, तीखा चलेगा?" की ही अख्खी मिरची चावून दाखवायची, आणि मग डोळ्यांतून पाणी!

नोकरीतला पहिला शोकप्रस्ताव तिला वाचून दाखवला होता. म्हणाली, "बकुळे, माणूस मेलाय की बिल मंजूर होतंय?"

ते टिपण उगाच नव्हतं. कारखान्यातल्या एका स्फोटानंतर घाईत नावं दिली, आणि एका जिवंत माणसाला सभागृहाने श्रद्धांजली वाहिली. चूक माझी होती. नियम बरोबरच होता.

पण यशोधरा 'चारपैकी एक'? नाही.

१३ मार्च

मीनल नरमली. "तहसीलदारांच्या सहीची यादी आणा, नावं घालते."

तहसीलला गेले. सोबत यशोधराचा मुलगा राजरत्न. तिथला कारकून प्रमोद म्हणतो, "काकू, सोमवारी या ना."

"सोमवारी सभागृह आहे. आज."

दुपारी चारला सही मिळाली. बाहेर राजरत्नने विचारलं, "मावशी, आईचं नाव वाचून होणार काय?"

"कामकाजात छापलं जाईल. कायमचं राहील."

त्याने माझी पिशवी घेतली हातातून.

१६ मार्च

टीव्हीसमोर बसले. अकराला सगळे सदस्य उभे राहिले. चारही नावं, सावकाश, स्वच्छ. तिचं तिसरं. मीही उभी राहिले – घरात एकटीच!

राजरत्नचा फोन. "ऐकलं, मावशी."

तीस वर्षांत कुठल्याही मसुद्याचा इतका आनंद झाला नव्हता. आनंद म्हणू नये. पण झाला.

१७ मार्च

जखमींपैकी रघू म्हणून होते, ते काल सकाळी आठला हॉस्पिटलात वारले. यादी शुक्रवारची, तिच्यात त्यांचं नाव नव्हतं. त्यांची बायको माया पत्ता विचारत दारात आली. हातात चतकोर कागद.

"ताई, चार नावं तुम्हीच दिलीत म्हणे. यांचं कुठे द्यायचं?"