परतल्याची सही

२ तारीख, शुक्रवार

तीन शिट्ट्या. शाळेत ड्रिलचे मास्तर पटांगणाच्या टोकाला उभे राहून तीन लांब शिट्ट्या मारायचे आणि आम्ही सव्वाशे पोरं जिथल्या तिथे थिजायचो. साठ वर्षं झाली त्याला. आज या चौकीच्या पायरीवर ट्रंक टेकवली, समोरचं जंगल पाहिलं, आणि का कोण जाणे, तोच आवाज कानात घुमला. शुभशकुन समजलो.

मुलाचं म्हणणं, या वयात कसली नोकरी. सूनबाई म्हणाल्या, जाऊ द्या त्यांना, चौथीच्या पुस्तकातल्या कविता घरात तरी किती वेळा ऐकायच्या. दोघांचंही खरं.

चौकी म्हणजे एक खोली, एक टेबल, एक फोन आणि एक जाडजूड वही. मळलेली पायवाट सोडून जे आत शिरतात त्यांनी वहीत लिहायचं: नाव, कुठून कुठे, सोबत काय, परतणार कधी. परतल्यावर ज्याची त्याने सही करायची. दिलेल्या वेळेवर तास उलटला आणि सही नसली, तर मी खालच्या कार्यालयात साहेबांना फोन करायचा आणि शोधपथक निघायचं. बस्स. मला पाठ व्हायला दोन मिनिटं लागली.

भिंतीवर दोन पानी सूचना डकवल्यात. इतक्या अशुद्ध की चीड आली. चहा घेऊन बसलो आणि लाल पेनाने सगळ्या तपासून काढल्या. दहापैकी चार गुण.

३ तारीख, शनिवार

सकाळी दोन टोणगे आले. पायात चपला, दोघांत मिळून एक पाण्याची बाटली. आत काय सासुरवाडी आहे का, असं विचारून परत पाठवले.

मग एक परिचारिका आली. पस्तिशीची, एकटी, रजेवर. तिने पाठपिशवी न सांगता टेबलावर उपडी केली: नकाशा, होकायंत्र, दोन दिवसांचं खाणं, जादा पाणी, बॅटरी, मलमपट्टी, भडक नारिंगी कापड, गळ्यात शिट्टी. चाळीस वर्षांत मी इतका नीटनेटका गृहपाठ पाहिला नाही. परत येणार उद्या पाच वाजता. गाडी निळी, खाली फाटकाच्या आत लावलेली, तीही तिने लिहिली.

मी तिला डोंगराची कविता म्हणून दाखवली. तिने सगळी ऐकली आणि निघताना हसत म्हणाली, "गुरुजी, उद्या सहा वाजले की मला शोधायला लागा. कवितेत रमू नका."

४ तारीख, रविवार

पावणेसहाला साहेबांचा फोन. खालच्या फाटकातून एक निळी गाडी आत्ताच गेली, म्हणजे बाई घरी निघाल्या. वर यायचा कंटाळा केला असेल, लोक तसेच. तुम्हीच सही करून टाका, नाहीतर पथकाची रविवारी उगाच पायपीट.

वहीत तिचं अक्षर होतंच समोर. केली सही. बरी जमली. बाईंनी निरोप न घेता जावं याचं जरा वाईट वाटलं.

५ तारीख, सोमवार

दिवसभर धुकं. चारच्या सुमारास जंगलातून तीन लांब शिट्ट्या आल्या. हुबेहूब ड्रिलचे मास्तर! कुठला पक्षी असेल. पायरीवर बसून ऐकत राहिलो. पटांगणाची तापलेली माती, घामेजलेले सदरे, आम्ही थिजलेले. डोळे भरून आले. किती दिवसांनी इतकं बरं वाटलं.

६ तारीख, मंगळवार

पक्षी आजही आला. आवाज बसलेला. तीन, मग खूप वेळ काही नाही, मग दोनच.

७ तारीख, बुधवार

दहा वाजता परिचारिकेच्या भावाचा फोन. ताई कामावर हजर झाली नाही, घरी नाही. मी म्हणालो, अहो, त्या रविवारीच परतल्या. सही आहे. तो म्हणाला, सही तुमच्यासमोर केली का?

मी फोन तसाच धरून भिंतीकडे पाहिलं. दुसरं पान, सातवी ओळ: संकटात तीन लांब शिट्ट्या द्याव्यात. त्या ओळीवर माझ्याच लाल पेनाच्या दोन खुणा आहेत. चुका दुरुस्त केल्या होत्या. वाचलं नव्हतं.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, वहीत परतल्याची सही आहे, आता ती आपल्या हद्दीतली बाब नाही. मी सांगितलं, सही माझी आहे. ते म्हणाले, गुरुजी, असं बोलू नका, अडकाल. मी ओरडलो. आयुष्यात कोणावर ओरडलो नव्हतो इतका ओरडलो. निळी गाडी काय जगात एकच आहे? पथक उद्या सकाळी निघेल म्हणाले. उद्या!

माझ्याच्याने जंगलाच्या कडेपर्यंतच जाववलं. हाका मारल्या. आज शिट्टी नाही.

८ तारीख, गुरुवार

सापडली. चौकीपासून दीड किलोमीटरवर, घळीत. घोटा मोडलेला. नारिंगी कापड उघड्यावर पसरून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवलेले. पाणी मोजून प्यालेलं. शिट्टी दातांत. डॉक्टर म्हणाले, मंगळवार संध्याकाळपर्यंत जिवंत असावी.

तिने एकही चूक केली नव्हती. चूक इथे टेबलाशी बसून चहा पीत होती.

प्रगतिपुस्तकावर बापाची सही स्वतः करणाऱ्या पोरांना मी छड्या मारल्यात. खोटी सही मला लांबून ओळखू येते. म्हणून आज जुन्या वह्या काढल्या. नऊ वर्षांत एकही माणूस हरवला नाही, अशी साहेब फुशारकी मारतात! परतल्याच्या रकान्यात माझ्याआधीच्या कारकुनाचा, मुखपृष्ठावरच्या त्याच्या नावातला, लांब शेपटीचा 'र' पानोपानी आहे. दरवेळी वेगळ्या नावाखाली. मी मोजायचं थांबवलं.

त्यातले किती जण खरंच घरी गेले?

९ तारीख, शुक्रवार

साहेब येऊन गेले. मी लिहून द्यायचं की बाईंनी स्वतः सही केली आणि मग पुन्हा आत गेल्या. म्हणाले, ती तर गेलीच, आता चौकी कशाला बुडवायची, तुमच्या आधीचेही समजूतदार होते. मी दौत भिंतीवर फेकली. सूचनांवर शाई ओघळली. उद्या चारला पुन्हा येतो, तोवर डोकं थंड करा, म्हणाले.

ते गेले आणि जंगलातून तीन शिट्ट्या.

ती तर खाली शवागारात आहे.

१० तारीख, शनिवार

सकाळी वहीत तिच्या ओळीवरची माझी सही नाही. खोडलेली नाही, नाहीच. कागद ओला. जुन्या वह्या उघडल्या. लांब शेपटीचा 'र' सगळीकडून गेलाय. रकाने कोरे, ओले —

दुपारी शिट्ट्या. एक नाही. पूर्वेकडून तीन. मग घळीकडून. मग अगदी वरच्या टेकाडावरून, म्हातारी, फुटकी. प्रत्येकीला दुसरी उत्तर देतेय. नऊ वर्षं देत असतील. ऐकायला इथे कारकून बसवला होता!

साडेतीन. साहेब येतील. खोटा जबाब देणार नाही. सगळं खरं वहीत लिहून ठेवतो, शाईने, माझ्या नावाने. निदान तिच्या भावाला —

धुकं दारापर्यंत. फोन मुका.

चार. शिट्ट्या थांबल्या. सगळ्या एकदम. मीही थिजलो, पटांगणात थिजायचो तसा.

पायरीवर कोणी आलं. लंगडत. साहेब लंगडत नाहीत —

दार लोटलं. ती आहे.

टेबलाशी आली, माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. बोटं ओली. हे मी पेन्सिलीने लिहितोय. म्हणालो, ताई, चुकलो. तिने मान हलवली. रागावलेली. फार रागावलेली.

"गुरुजी, सहा वाजून गेले," म्हणाली.

मला वाटलं स्वतःच्या ओळीवर सही करेल. नाही. नवी ओळ घेतली. जाणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव लिहितेय. सोबत काय: काही नाही. आता शेवटचा रकाना. परतल्याची सही. माझी. माझ्याच अक्षरात, अगदी हुबेहूब, मलाही ओळखू येणार नाही इतकी —

दारात अजून काहीजण उभे आहेत.

माझा हात धरलाय. साहेब येतील, वही बघतील, सही बघतील, आणि म्हणतील गुरुजी तर पर