जास्तीच्या कागदावर मारलेला हात

तीर्थरूप मामांना,

तुमच्या भाच्याचा शिडीवरून नमस्कार. (खाली उतरून पाया पडायला हवं, पण तुम्ही इतक्या लांब आहात की उतरूनही उपयोग नाही.) तुमचा खोकला कसा आहे? डॉक्टरने तुम्हाला रंगाच्या वासापासून लांब राहायला सांगितलं, तर तुम्ही डॉक्टरपासूनच लांब राहायला लागलात, असं मामी फोनवर म्हणाली. मामीच्या गुडघ्याची आणि तुमच्या हट्टाची चौकशी एकदमच करतो, कारण दोन्ही दुखणी तीच सांभाळते. आईला सांगा, मी वेळेवर जेवतो. काय जेवतो ते सांगू नका.

माझं बूड एका जागी टेकत नाही, ही तुमची जुनी तक्रार. बेकरी सोडली तेव्हा तुम्ही बोललात, गोदाम सोडलं तेव्हा बोललात, गाड्या धुणं सोडलं तेव्हा तर बोलायचंही सोडलंत. तर यावेळी ऐका, मी टेकलोय. ठेकेदाराने एका शाळेच्या रंगकामावर घातलंय. खाली मळका हिरवा, वर आजारी पिवळा. (दवाखाना, पोलीस चौकी आणि शाळा यांना एकच रंग का देतात कोण जाणे. माणसाने आत शिरताच गप्प बसावं म्हणून देत असतील.) लांबलचक व्हरांडा, एकाला एक लागून खोल्या, आणि एकेक खोली रिकामी करून घ्यायची म्हणजे बाकं बाहेर, मुलं बाहेर, मास्तर बाहेर, आणि मी आत. शाळेत मी इतका वेळ आत कधीच राहिलो नव्हतो.

इतके दिवस पत्र का लिहिलं नाही, त्याचं कारण आता येतं. चित्रकलेच्या बाई जिन्यावरून पडल्या, पाय मोडला. मुख्याध्यापक बाई, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात (उंचीने माझ्या खांद्यालाही लागत नाहीत), त्या शिडीखाली येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तुम्ही पेंटर ना? म्हटलं, भिंतीचा. त्या म्हणाल्या, मग कागद तर केवढासा असतो! झालं. सातवीतून मी बाहेर पडलो ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याच सातवीत मला परत ढकललं, फरक इतकाच की यावेळी खुर्ची मला आणि बाकं त्यांना. मी खुर्चीवर बसलो नाही. खुर्चीवर चढून पंखा पुसला, कारण पंखा असा काळा असताना मला दुसरं काही सुचत नाही.

मुलांना मी काय शिकवणार? तुम्ही मला जे शिकवलंत तेच. ब्रश सगळा बुडवायचा नाही, टोकाचा तिसरा भागच बुडवायचा, डब्याच्या कडेला निथळायचा, रंग वरून खाली ओढायचा, ओघळ दिसला की लगेच उचलायचा. आठवडाभरात सातवीची आभाळं अशी सपाट झाली की एकाही आभाळात ब्रशची रेघ दिसेना. मोठ्या बाई खूश झाल्या. मुलं मला सर म्हणायला लागली. एक पोरगी आहे, तिला वर्गात वकिलीणबाई म्हणतात, कारण ती 'का' विचारल्याशिवाय श्वाससुद्धा घेत नाही. तिने विचारलं, सर, आभाळात ढग नकोत का? मी म्हटलं, ढग म्हणजे ओल आली, आधी गळती बघावी लागेल. मला वाटलं मी विनोद केला. तिने वहीत लिहून घेतलं.

मग मोठ्या बाईंनी प्रकल्प काढला. प्रत्येकाने मोठ्या कागदावर 'माझी गल्ली' रंगवायची. नवे कागद संपलेले होते. मोठ्या बाई म्हणाल्या, कपाटात मागच्या सहामाहीची चित्रं पडली आहेत, त्यांचंच काहीतरी करा. आता मामा, तुम्हीच सांगा, जुन्या रंगावर नवा रंग द्यायचा तर आपण काय करतो? खरवडतो, पुट्टी भरतो, पॉलिश पेपर मारतो आणि प्राइमर देतो. कागद खरवडला तर फाटेल एवढी अक्कल मला होती. म्हणून मी थेट प्राइमरवर आलो. व्हरांड्याच्या कामातला पांढऱ्या प्राइमरचा अर्धा डबा उरला होता. चित्रं वाटली, ज्याचं त्याच्या हातात गेलं, आणि एक कागद जास्तीचा निघाला. कुणीच हात वर केला नाही. मला बरं वाटलं. करून दाखवायला काहीतरी हवंच होतं. तो कागद फळ्याला टाचला आणि वरून खाली पहिला हात मारला.

मामा, वर्ग असा गप्प झाला की मला माझाच अभिमान वाटला. सातवीचा वर्ग हो! ज्यांना मोठ्या बाई पट्टी आपटून गप्प करू शकत नाहीत, ते माझा हात बघून श्वास धरून बसले. मी आणखी सावकाश, आणखी ऐटीत मारला. कोपरेसुद्धा सोडले नाहीत. (कोपऱ्यात माणूस ओळखू येतो, हे तुमचंच वाक्य, तेही मी त्यांना ऐकवलं.) मग म्हटलं, ज्याला आपलं चित्र ठेवायचं असेल त्याने ठेवावं, त्याला मी पुठ्ठा देतो. कुणीही ठेवलं नाही. एकेक जण उठला, ब्रश घेतला आणि आपलं चित्र पांढरं करून टाकलं. काही पोरं तर नाक ओढत करत होती. मला वाटलं, वासामुळे.

तास सुटल्यावर वकिलीणबाई थांबली. तिने पहिल्यांदाच काही विचारलं नाही, सांगितलं. तो कागद ढापण्याचा होता. ढापण्या म्हणजे त्यांच्यातला चष्म्याचा पोरगा. सुट्टीत ताप आला, डोक्यात गेला आणि तो वारला. त्याची आई शाळेतून त्याचं चित्र न्यायला येणार होती, तिला मोठ्या बाईंनीच निरोप धाडला होता आणि धाडून विसरल्या होत्या. मी म्हटलं, अगं मग तुम्ही सगळ्यांनी आपापली चित्रं का रंगवलीत? ती म्हणाली, मग काय, त्याच्या एकट्याचंच जायचं?

तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. ओल्या फडक्याने एक कोपरा पुसून पाहिला, तर प्राइमर निघाला आणि खालचा पोस्टर कलरही त्याच्यासोबत निघाला. फडकं निळं झालं. फडकं धुवायचं धाडस झालं नाही, तसंच वाळवून ठेवलंय. मुलांना विचारलं, चित्रात काय होतं? एक म्हणतो होडी. दुसरा म्हणतो छे, सायकल, त्याच्या बापाची. तिसरा म्हणतो बकरी होती, मी शेजारी बसायचो, मला विचारा. त्यावरून हाणामारी झाली, होडीवाल्याचं बटण तुटलं. चित्रकलेच्या बाईंना फोन केला, तर त्या पायाच्या दुखण्यात म्हणाल्या, इतकी मुलं असतात हो, कसं आठवणार. मोठ्या बाईंनी तर सरळ तोडगा काढला: तुम्हीच काहीतरी काढून द्या, सूर्य, डोंगर, आईला काय कळणार. मामा, मी ब्रश हातात घेतलासुद्धा. डोंगर मला येतो. पण त्या कोऱ्या कागदासमोर उभा राहिलो आणि मला घाम फुटला. भिंतीसमोर मला कधी घाम फुटत नाही.

तर असं आहे. कामाला तोटा नाही, हवा बरी आहे. मामीला नमस्कार, आईला काळजी करू नको म्हणा, आणि तुम्ही विडी सोडा.

तुमचा टेकलेला भाचा

ता. क. खरं म्हणजे पत्र याचसाठी लिहिलं. खालचा पोस्टर कलर न उचलता वरचा प्राइमर काढायची काही युक्ती आहे का? तुम्ही देवळाच्या—नाही, तुम्ही त्या जुन्या सिनेमागृहाच्या भिंतीवरचे चुन्याचे थर उतरवून खालची वेलबुट्टी काढली होतीत, ते मला आठवतं. व्हिनेगर, लिंबू, काहीही असेल तर पत्र मिळताच फोन करा. आई सोमवारी येणार आहे. (ढापण्याची.)

ता. क. २. पत्र टाकायचं राहिलं आणि ती आधीच आली. भर तासाला, दारात. हातात कापडी पिशवी, घडी न मोडलेली. मोठ्या बाई सभेला गेलेल्या. मी तो पांढरा कागद तिच्या हातात दिला आणि जे झालं ते सांगितलं, चार वेळा अडखळून. मला वाटलं, थोबाडीत देईल. दिली असती तर बरं झालं असतं. तिने कागद उजेडाकडे धरून बघितला. मग म्हणाली, तो तर म्हणाला होता, बाईंनी भिंतीवर लावलंय. कुठे लावलं होतं? मामा, ते कपाटात होतं, गठ्ठ्यात, सगळ्यांच्या खाली. तेवढ्यात वकिलीणबाई उठली आणि म्हणाली, इथे, काकू, खिडकीशेजारी, उजेडात. आणि होडी की सायकल यावरून डोकी फोडणारा तो अख्खा वर्ग एका आवाजात म्हणाला, हो.

ती म्हणाली, मग मी नेऊन काय करू? परत लावा तिथेच. मी खिळा ठोकला, कागद लावला. ती मागे सरकून उभी राहिली, मान तिरकी केली आणि म्हणाली, डावीकडून जरा खाली झालंय. मी वर केलं. मग तिने विचारलं, काय काढलं होतं त्याने? मी 'माहीत नाही' म्हणणार, तोच होडीवाला होडी म्हणाला, सायकलवाला सायकल, बकरीवाला बकरी, आणि मग मागच्या बाकांवरून विहीर, टपरी, आजोबा, पतंग, कुत्र्याची पिल्लं असं काय काय यायला लागलं. ती सगळं ऐकून घेत होती, एकेकाच्या तोंडाकडे बघत. शेवटी म्हणाली, एका कागदावर एवढं सगळं? वर्ग म्हणाला, हो काकू. रिकामी पिशवी घेऊन ती गेली.

ता. क. ३. तेव्हा युक्ती ठाऊक असली तरी कळवू नका. खालून नुसती बकरीच निघाली तर मी बाकीच्यांना काय सांगू? वरची पहिली ता. क. तुम्ही वाचलीच नाही असं समजा. ती खोडूनच पत्र टाकणार होतो, पण हल्ली काही खोडायचं म्हटलं की हात उचलत नाही.