स्वतःच्या चाकांवर राजापूरला

४ नोव्हेंबर १९३४, रविवार
सायकल आणली! विलायतेला परत निघालेल्या इंजिनियरसाहेबाच्या बंगल्यावर सामानाचा लिलाव होता. लोक खुर्च्या-टेबलांवर तुटून पडले, सायकलीकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. रेसिंग सायकल आहे, तीसएक वर्षांपूर्वीची. हँडल बोकडाच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. असलं मशीन अख्ख्या रत्नागिरीत नाही. थोडा गंज आहे. बायको, मथुरा, म्हणाली, गंज सोडून दुसरं काय आहे? बायकांना मशिनरीतलं कळत नाही.
संकल्प: नाताळपर्यंत सायकल चालू. शाळेतून आल्यावर रोज काम. चहा बंद.

५ नोव्हेंबर
चहाशिवाय हात चालेनात. प्याला. मग अंधार पडला.

१८ नोव्हेंबर
मागचं चाक उघडलं. आतले छर्रे रॉकेलने धुऊन मथुराच्या परातीत उन्हात ठेवले. शेजारच्या ताजबीची कोंबडी आली आणि निम्मे गिळून गेली. ताजबीला म्हटलं, कोंबडी कापा. रस्सा तुमचा, छर्रे माझे. ती म्हणाली, अंड्यांवर बसायला आलीय, आता कशी कापू? तिचा मुलगा मजीद राजापूरच्या मोटारीवर ड्रायव्हर आहे. तो दारात उभा राहून हसत होता. म्हणाला, मास्तर, कोंबडीलाच रेसला घाला. इंजिनाच्या जिवावर फिरणाऱ्यांशी काय बोलायचं?

२५ डिसेंबर
मुंबईहून नवे छर्रे आले. मोठे निघाले. मी साइज बरोबर कळवला होता, त्यांनी वाचला चुकीचा. इकडे खाऱ्या वाऱ्याने घासून ठेवलेली फ्रेम पुन्हा लाल. खोबरेल चोपडलं. आता मुंग्या.
नाताळ हुकला तरी हरकत नाही. घाईने केलेलं काम टिकत नाही.

१३ जानेवारी १९३५
फ्रेमला हिरवा रंग दिला. फार सुंदर. वाळत असताना वाऱ्याने मथुराचं लुगडं दोरीवरून उडालं ते नेमकं फ्रेमला येऊन चिकटलं. लुगडं गेलं म्हणून ती दिवसभर बोलते आहे. माझ्या फ्रेमवर काठाची नक्षी उमटली त्याचं कुणालाच काही नाही.

१७ फेब्रुवारी
राजापूरहून माणूस येऊन गेला. मथुराच्या भावाचं, धाकूचं, लग्न ठरलं. ९ मे, गोरज मुहूर्त. मंगळसूत्र इथल्या सोनाराकडे करायचं आहे. माणूस गेल्यावर मथुराला माझा बेत सांगितला: तू मोटारीने जा, मी सायकलने येतो, आणि मंगळसूत्र मी आणतो. मोटारीत काय ती गर्दी, कुणाचा हात कुणाच्या पिशवीत! मथुरा काहीच बोलली नाही. एखादी गोष्ट पसंत पडली की ती बोलत नाही.

१७ मार्च
पहिली राइड! मारुती मंदिरापासून बाजाराकडे. या सायकलीला फ्री व्हील नाही. चाक फिरेल तोवर पायडल फिरणारच, तीच तर खरी रेसिंगची खूण. उतारावर पायडल असे गरगरले की पाय वर उचलून धरावे लागले. ब्रेक मजबूत आहे, नुसता निखळला. एका मासेवालीच्या पाटीजवळ थांबलो. पाटीत. तिने जे शब्द वापरले ते इथे लिहीत नाही. गुडघा सुजला. माझा कंट्रोल उत्तम होता. दोष रस्त्याचा.
संकल्प: उद्यापासून रोज प्रॅक्टिस.

१८ मार्च
गुडघा.

३१ मार्च
मांडवीच्या वाळूत प्रॅक्टिस केली, पडलो तर लागू नये म्हणून. पडलो, लागलं नाही. चेनमध्ये वाळू गेली. सगळं पुन्हा उघडायचं.

२१ एप्रिल
प्रॅक्टिस नाही. आधी परीक्षेचे पेपर, आता ऊन. डोळे मिटून मात्र रोज राजापूरपर्यंत जाऊन येतो. त्याचाही उपयोग होत असणार.

६ मे
मथुरा मोटारीने गेली. करवली आहे, तिला आधी जायलाच हवं. माझी पिशवी तिनेच भरून ठेवली आहे: धोतर, कोट, आणि टॉवेलात गुंडाळून मंगळसूत्राची डबी. निघताना पुन्हा म्हणाली, "मजीदच्या मोटारीत जागा आहे हो. चला ना." मी म्हटलं, धाकूला सांग, मला घ्यायला वेशीवर ये. वाजंत्री आणलीस तरी माझी हरकत नाही.

९ मे, पहाटे
निघालो. ताजबी उठलेली होती. म्हणाली, सांभाळून जा. बायका उगाच घाबरतात.

९ मे, हातखंबा
चढ होता. चालत आलो. सायकल हातात धरून चालणं हाही राइडिंगचाच भाग आहे.

९ मे, पालीच्या पुढे, दुपार
उतारावर चेन तुटली. पायांचा जोर लागेना. ब्रेक दाबला, तो हातात आला. मी एकीकडे पडलो, सायकल दुसरीकडे, पिशवी तिसरीकडे. जांभ्या दगडावर कोपर सोलून निघालं. त्याचं काही नाही. टॉवेल सुटलेला. डबी उघडी. डबीत मंगळसूत्र नाही.

९ मे, संध्याकाळ
रस्ता गुडघ्यांवर रांगत तपासला. वर, खाली, पुन्हा वर. गवत काडी काडी बाजूला केलं. काळे मणी दिसले म्हणून दोनदा जीव सुपाएवढा झाला. शेळीच्या लेंड्या. लाकडाची मोळी घेऊन एक म्हातारी चालली होती, हौसा नाव तिचं. विचारू लागली, "दादा, काय हरवला वो?" सांगितलं. तिने मोळी टाकली आणि माझ्याशेजारी बसून शोधू लागली. ती का शोधत होती? तिचं काय गेलं होतं?
सूर्य बुडाला. राजापुरात आता अंतरपाट धरला असेल. सगळा मांडव दाराकडे बघत असेल. धाकू बाशिंग बांधून उभा. नवरी खाली मान घालून. आणि मथुरा. तिच्याकडे बघून लोक विचारत असतील, तुझे यजमान कुठे राहिले?
पुढे लिहवत नाही.

१० मे
हौसाच्या पडवीत पडून होतो. तिने पेज दिली. तशीच ठेवली. उजाडताच पुन्हा रस्त्यावर.
राजापूरकडून मोटार आली. मजीदने मला पाहून ब्रेक मारला. मी रडत होतो असं त्याचं म्हणणं. धूळ होती.
"मास्तर! इथे काय करताय?"
मंगळसूत्र हरवलं म्हणून सांगितलं.
"कोणाचं?"
"धाकूच्या नवरीचं!"
"ते तर काल मी तिच्या गळ्यात बघितलं. लग्नाचं जेवूनच निघालो."
मी म्हटलं, शक्यच नाही. तो म्हणाला, "वहिनींनीच नेलं ना. त्या दिवशी माझ्याच मोटारीतून. कनवटीला घट्ट लावलेलं, राजापूर येईपर्यंत त्यावरचा हात काढला नाही त्यांनी."
मी रस्त्यातच बसलो. आधी फार बरं वाटलं. मग फार राग आला. मजीद म्हणाला, सायकल टपावर टाकतो, बसा, रत्नागिरीला सोडतो. मी नाही म्हटलं. मी राजापूरला निघालो आहे.
हौसाला सापडलं म्हणून सांगितलं. ती म्हणाली, बरा झाला, आणि मोळी उचलून गेली.
लांज्यापर्यंत ढकलत. पुढे एका गाडीवानाने सायकल पेंढ्यावर घेतली, मलाही.

११ मे, राजापूर
वेशीवर कुणी नव्हतं. सायकल धर्मशाळेत ठेवली. पुसून, चेन बसवून मग चालवतच दारात न्यायची असं ठरवलं. चालताना मनात सगळं जुळवलं: चेनचं पोलाद कसं हलकं निघालं, रस्ता कसा, आणि मथुराने माझ्यावर विश्वास न ठेवून मला किती दुःख दिलं. तिला सगळ्यांसमोर विचारणार होतो.
मांडव सोडत होते. सासूबाई, यमुनाबाई, ओटीवर पत्रावळी मोजत होत्या. मला पाहून घाईने उठल्या.
"आलात? झालं का शाळेचं काम?"
मला कळेना. धाकू म्हणाला, "ताई आल्या आल्याच म्हणाली, तुमच्या शाळेत निकालाचं काही निघालंय, बहुतेक जमायचं नाही. आम्ही वाट नाही पाहिली, रागावू नका हं."
सायकलीचं तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. कुणी दाराकडे पाहिलं नव्हतं. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.
मथुरा आतून पाणी घेऊन आली. माझ्या कोपराकडे पाहिलं, धोतराच्या लाल मातीकडे पाहिलं, आणि तांब्या पुढे केला.
सासूबाई अजून उत्तरासाठी थांबल्या होत्या.
"झालं," मी म्हटलं, आणि पाय धुवायला गेलो.