कोणीच नसेल तर

६ जानेवारी, सोमवार

आठवीच्या तर्काच्या चाचणीत साक्षीने पाचवे उत्तर चुकवले. वर कापलेल्या गुणासाठी भांडायला उभी राहिली! विधान साधे होते : 'उशिरा येणारी सर्व मुले बाहेर उभी राहतात.' यावरून 'उशिरा येणारी काही मुले बाहेर उभी राहतात' हे निघते की नाही? निघते. कॉलेजात तीस वर्षे हेच शिकवले. निवृत्तीनंतर सेक्टर २ च्या या शाळेतही हेच शिकवते आहे.

"अन् कोणी उशिरा आलंच नाई तर, मॅडम? नियम तर खराच राहीन. मंग ते 'काही' पोरं कुठून आणू — चरोद्याहून?"

वर्ग हसला. भांडू नकोस, मी म्हटले. "भांडून नाई राहिली, विचारून राहिली."

तिला खाली बसवले.

८ जानेवारी

गणिताची वंदना फॉर्म घेऊन आली. रायपूरच्या एका निवासी विद्यालयासाठी साक्षीची शिफारस. गणित आणि तर्क, दोन्ही शिक्षकांच्या सह्या हव्यात. मुदत पंधरा तारखेची. तिची सही झालेली होती. उद्धटपणाला प्रज्ञा म्हणता येत नाही, असे मी सांगितले.

वंदना खाली पाहत म्हणाली, "मॅडम, गणिताच्या हिशोबानं ते पोरगी बरोबर आहे."

म्हणजे माझ्या विषयात मी चूक! आणि वर्गातला वाद मुलांकडून कळला तेव्हापासून, म्हणजे सोमवारपासून, हे तिला ठाऊक होते. "तुमाले कसं सांगू?" — हा तिचा खुलासा.

फॉर्म सहीविना परत दिला.

१० जानेवारी

साक्षीचे वडील टिकाराम शाळेत आले. रेल्वेत आहेत, चरोद्याच्या यार्डात.

"जय भीम, मॅडम. घरी बी अशीच आहे ते. मायनं म्हटलं, ताटातल्या साऱ्या पोळ्या खा. ताटात एकबी पोळी नाई, तर म्हणते — खाल्ल्या साऱ्या!" हसले. मग म्हणाले, "तिच्या तोंडापायी सही अडली असन, तर मी समजावतो तिले."

'नको' म्हणायला हवे होते. म्हटले नाही.

१२ जानेवारी

वंदनाने दिलेले गणिती तर्काचे पुस्तक दोनदा वाचले. ज्यांच्याविषयी विधान करतो, त्यांतले कोणीतरी अस्तित्वात आहेच, असे माझा जुना तर्क धरून चालतो. हे गृहीतक मी वर्गात कधी सांगितले नाही — कारण मला ते कधी दिसलेच नाही. तेरा वर्षांच्या मुलीला दिसले.

१४ जानेवारी

सही केली. वंदनाजवळ चूक मान्यही केली.

"हे तिले तुमीच सांगा, मॅडम. मी सांगितलं तर तिले खरं नाई वाटणार."

सांगेन, विद्यालयाची मुलाखत झाल्यावर. आधी सांगितले तर तिच्या डोक्यात हवा जाईल, असे कारण दिले. हे कारण दुसऱ्या कोणी दिले असते, तर मी ते क्षणभरही टिकू दिले नसते.

२० जानेवारी

विद्यालयाची मुलाखत दुर्गच्या केंद्रावर झाली. तिथून साक्षी थेट माझ्याकडे आली. शेवटी तिला विचारले होते — सगळे मानतात, पण तुला पटत नाही, अशी एखादी गोष्ट सांग.

"मग काय सांगितलेस?"

"काहीच नाई. एक होती, त्या पाचव्या उत्तराची — पण तुमी सही केली होती ना, मॅडम."