टिपक्याचा रंग

बाबा, तुमची गाडी मी अजून चालवते. मोताळ्याहून बुलढाण्याला, रोज ऑफिसात. परवा सोमवारी राजूर घाट चढताना गाडीत जळक्या तेलाचा वास भरला आणि डोक्यात पहिला विचार आला, गॅरेजवाल्या चाचानं फसवलं. शनिवारीच तर त्यांनी ऑइल बदलून गाडी दिली होती. माझं नाक आईवर गेलंय म्हणतात, संशय मात्र थेट तुमच्यावर गेलाय.

तुम्ही तर चाचांचे चाळीस वर्षांचे दोस्त. तरी गाडी त्यांच्याकडे दिली की गॅरेजसमोर खुर्ची टाकून दिवसभर बसायचात. मला आठवतं, मी सातवीत आहे, तुमचा डबा घेऊन आले आहे आणि तुम्ही हात धुवायलाही उठत नाही. "उठलो का पुर्जा गेला," म्हणता, तेही चाचांना ऐकू जाईल असं. आदल्या दिवशी स्वयंपाकघरात नेलपॉलिशची नवी बाटली घेऊन बसला होतात. बॅटरीवर, फिल्टरवर, इंजिनाच्या वरच्या झाकणावर एकेक टिपका लावायला. पुर्जा बदलला तर टिपका नसेल, हा तुमचा हिशेब. आई म्हणाली, "माह्या नखाले कधी आणली नाही अशी बाटली, अन् गाडीले शृंगार!" मी विचारलं, चाचा तर तुमचे दोस्त ना? तुम्ही खेकसलात, "दोस्ती दोस्तीच्या जागी. अन् तू मधात बोलू नको." मग जरा वेळानं राग उतरल्यावर इंजिनात तेल किती ते दाखवणारी पट्टी पाहायला शिकवलंत. गाडी सपाटीवर लाव, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांब, मग पट्टी काढ. चढावर, तापल्या गाडीत पाहशील तर पट्टी खोटं बोलंल.

तर सोमवारी घाटमाथ्यावर गाडी बाजूला घेतली, बोनेट उघडलं. झाकणाच्या कडेनं तेल ओघळलेलं, खाली सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपावर पडून धूर निघत होता. पण माझी नजर टिपक्यावर. टिपका होता, पण लालभडक. तुमचा तर काळपट, जांभळाच्या रंगाचा. म्हणजे झाकण बदललं, आणि वरून मला येडी समजून नवा टिपकाही लावला! रागानं बोनेट आपटून बंद केलं, बाबा. तुम्ही गेल्यावर मला "बेटा" म्हणणारं एकच माणूस उरलंय, आणि तेही चोर निघालं तर मी कुठं जाऊ?

तशीच गॅरेजवर गेले. चाचा आता वाकून चालतात, चष्मा दोरीनं बांधलेला. मी वासाचं बोललेच नाही. "चाचा, ह्या टिपक्याचा रंग काऊन बदलला?" एवढंच विचारलं, तेही चारचौघांत.

ते आत गेले. मग हत्याराच्या पेटीतून नेलपॉलिशची बाटली काढून माझ्या हातावर ठेवली. "धुताना तुह्या बाबाचा टिपका निघून जाये. मंग तो आठ दिवस झोपे नाही, माह्याशी बोले नाही. म्हनून मीच लावू लागलो, तवापासून. आता तो जुना रंग भेटत नाही बजारात, काय करू?"

म्हणजे तुम्ही ज्या टिपक्याच्या भरोशावर निश्चिंत होतात, तो त्यांचाच होता. मला तुमचा राग आला, हसूही आलं, आणि तिथंच रडायला आलं. चाचांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं. दहा मिनिटं थांबून त्यांनी पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली. तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर. "झाकणाचं पॅकिंग तं चांगलं आहे, तिथून गळत नाही. हे वरून सांडलं, अन् भरलंबी जास्त. तेल कोनं टाकलं, बेटा?"

"पंपावरच्या माणसानं," मी म्हणाले.

"हाव, असंन," म्हणाले ते. जास्तीचं तेल खालून काढलं, झाकण आणि पाइप फडक्यानं घासून पुसले, मला शेजारी बसवून गाडी घाट उतरवून पुन्हा चढवून आणली. वास नव्हता. गाडीतून उतरल्यावर त्यांनी पुसला गेलेला टिपका नव्यानं लावला. मी न सांगता.

पंपावर कोणी काही टाकलं नव्हतं, बाबा. शनिवारी घरासमोरच्या चढावर, गाडी तापलेली असतानाच मी पट्टी पाहिली. तेल कमी दिसलं. चाचानं अर्धा डबा दाबला असं वाटलं आणि डिक्कीतला डबा घेऊन मीच ओतलं, घाईघाईत, टिपक्याकडे न बघता, सांडत. तुम्हाला सांगून टाकलं, कारण तुम्ही काही आता खेकसणार नाही. चाचांना अजून सांगितलेलं नाही.